सडक्या मासळीचा वास

“किर्तीने डबा उघडला वाटतं!” उन्मेष नाक दाबून ओरडला आणि परळची ती अख्खी रंगांची लॅब खो खो हसली.

लतिकामॅडमही हसल्या. लॅबच्या प्रमुख म्हणून त्यांनी हसायला नको होतं, पण वास खरोखरच सडक्या मासळीचा होता. किर्ती शीव कोळीवाड्याची, नोकरीत नवी, आणि जेवणाची वेळ झालेली. आणखी काय पुरावा हवा?

किर्ती हसली नाही, चिडलीही नाही. ताडकन उठली. “मॅडम, ॲनिलिन!” एवढंच बोलून हातमोजे चढवत ती स्टोअरकडे धावली.

लतिकामॅडमनीही झटकन हातमोजे ओढले. ॲनिलिनला सडक्या माशांसारखा वास येतो, हे नव्या मुलांना त्याच तर शिकवायच्या. तेलकट द्रव. कातडीतून अंगात शिरतो, रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, आणि ओठ निळे पडेपर्यंत माणसाला पत्ता नसतो. त्याही धावल्या.

आत स्टोअर सांभाळणारे दत्तारामकाका सकाळपासून बाटल्या लावत बसले होते. सर्दीने नाक बंद. एक बाटली तडकलेली, मांडीवर पँट भिजून तपकिरी झालेली, आणि ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.

“काय झालं गो? माझं जरा डोकं दुखतंय, एवढंच,” ते म्हणाले.

किर्तीने लाजबीज गुंडाळून ठेवली. काकांचे कपडे उतरवले, त्यांना शॉवरखाली उभं केलं आणि साबणाने खसाखसा धुतलं. काका शिव्या घालत होते. उन्मेषने गुपचूप ॲम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं, तेही गडद निळं. काट्याने काटा काढतात तसं. संध्याकाळी काकांचे ओठ गुलाबी झाले आणि त्यांनी पहिल्यांदा चहा मागितला. “अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं,” डॉक्टर म्हणाले. लतिकामॅडम सगळ्यांदेखत रडल्या, मग हसल्या, मग त्यांनी किर्तीला घट्ट मिठीच मारली.

“शेवटी कोळ्याचं नाक ते! आमच्या पदव्या गेल्या चुलीत. मासळी कुठली आणि ॲनिलिन कुठलं, तुला बरोबर कळलं!”

“नाकाचं काही नाही हो, मॅडम,” किर्ती ओशाळून म्हणाली. “आज संकष्टी. माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती.”