किती चमचे

बनुबाईनं बाटली पुढं केली तसे मास्तर वैतागलेच.

"ही काय अक्षरं आहेत का मुंग्या? माझ्या चष्म्यातूनही दिसेनात. भिंगारला घड्याळवाल्याकडं जा, बाई. त्याच्याकडं भिंग असतं."

खोकल्याचं औषध एका वेळी किती चमचे द्यायचं, एवढंच तिला कळायला हवं होतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला होता, "लेबलवर लिहिलंय की, वाचून घे." मेल्याची सांगायला काय जीभ झिजत होती? आणि छापणाऱ्याला तरी कागदाचा काय दुष्काळ पडला होता, देव जाणे!

खडी फोडायच्या दुष्काळी कामावर खाडा करून ती केडगावहून चालत भिंगारला गेली.

लालमहंमद घड्याळवाला टपरीत एकटाच होता. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, बाटली फिरवून फिरवून बघितली.

"औषध कुनाला द्यायचंय, मावशी?"

"मालकाला."

"मग त्यांनाच दवाखान्यात न्या की."

बनुबाई फळीला धरून मटकन खाली बसली.

"मालक गेलं, भाऊ. मागच्या पौषात. खोकून खोकून बेजार झालं हुतं. मी आदमासानं दोन चमचं पाजलं. झोपलं ते उठलंच न्हाई. घरात मी एकलीच. वरीस झालं, भिताडाला इचारते, माज्या हातनंच झालं का काय? लोकांम्होरं कुन्या तोंडानं बोलू?"

लालमहंमदनं भिंग सदऱ्याला पुसलं, पुन्हा डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"दोन," तो म्हणाला. "मोठ्या मानसाला दोन चमचे. साफ लिवलंय."

"नीट बघा, भाऊ."

"नीटच बघितलं. तुमची काय बी चूक न्हाई."

पदरात तोंड खुपसून बनुबाई पोटभर रडली. मग उठली, बाटली तिथंच ठेवून केडगावच्या वाटेला लागली.

थोड्या वेळानं पोस्टमन आला. कार्ड फळीवर टाकून तो निघाला.

"थांबा की सायेब," लालमहंमदनं हाक मारली, "तेवढं वाचून दाखवा. आपल्याला कुठं अक्षर येतंय?"