बोटभर आत

मशीनची सुई पुन्हा मोडली होती. अर्धा तुकडा वर अडकलेला, अर्धा खाली बॉबीनपाशी. धाकटीने तो चिमट्याने ओढून काढला आणि तिचं डोकंच फिरलं.

अकरा नंबरच्या सुईने पँटीचं जाड कापड शिवायला बसलं की दुसरं काय होणार? शंभरदा सांगून झालं होतं, जाड कापडाला सोळा नंबर लाव. पण या घरात ऐकतंय कोण! घरात माणसं तीनच. दादा, वहिनी आणि दादाची ही बहीण. चाळिशी उलटली तरी तिचं नाव धाकटीच राहिलं होतं.

मशीन आईची. धाकटीने त्या मशीनकडून काय करून घेतलं नव्हतं? काजं, चेन, झालरी, फाटक्या चादरींच्या पिशव्या. शेजारपाजारच्या बायका शिकायला आल्या की ती पहिल्याच दिवशी सुनावायची, "हौसेने मशीन घेता आणि वर धुतलेल्या कपड्यांचा ढीग रचता. शिवता काय, तर उशीचे अभ्रे! त्या मशीनला तरी काय वाटत असेल?"

वहिनी इतकी वर्षं मशीनच्या वाटेला गेली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात मात्र अचानक येऊन म्हणाली, "मला पँटीची कंबर आत घ्यायला शिकव." ब्लाऊज नाही, फ्रॉक नाही, पँटीची कंबर. धाकटीने हौसेने शिकवलं. मागची मधली शिवण उसवायची, बोटभर आत टीप मारायची, वरून इस्त्री फिरवायची. वहिनी आता बाहेरची कामं घेणार, असं तिला वाटलं होतं.

मशीनखालच्या टोपलीत तिने हात घातला. वर जुना टॉवेल, खाली पँट. राखाडी रंगाची, दादाची.

धाकटीने ती उलटी करून पाहिली. मागची शिवण आणखी आत घ्यायला घेतलेली, टीप अर्धवट. कालचं जेवण तिच्या डोळ्यांपुढे आलं. दादा म्हणाला होता, "ही पण पँट काचायला लागली गं. मी जाड होतोय का?"

"झालातच," वहिनी लगेच म्हणाली होती. "पोट सुटलंय तुमचं." आणि वर ताटात बळेच आणखी वाढलं होतं. दादाने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. भूक नाही म्हणाला.

म्हणजे हे असं होतं तर! आधी कपडे आवळायचे, मग जाड म्हणून हिणवायचं. बिचाऱ्याचं अन्नावरचं मन उडालं, चेहरा उतरला, तरी हिचं समाधान नाही. वजनकाटा बिघडलाय म्हणून भंगारात दिला तोही हिनेच. दादाचं पोट दुखायचं, तर दवाखान्यात त्याला धड बोलूही दिलं नाही. नंतर स्वतःच जाऊन आली आणि नुसता गॅस आहे म्हणत गोळ्या त्याच्यापुढे ठेवल्या. नवरा आहे की कुकुलं बाळ?

वहिनी बाहेरून आली तेव्हा धाकटी पँट हातात घेऊन दारातच उभी होती.

"हे काय आहे?"

वहिनीने पँट हिसकावून घेतली. "तू यात पडू नकोस."

"का पडू नको? माझा भाऊ आहे तो! त्याला वेड लावायचंय का तुला?"

"हळू बोल."

"सांगतेच संध्याकाळी दादाला."

वहिनीने तिचा दंड असा धरला की बोटं रुतली. "सांगून बघ. या घरात तू तरी राहशील, नाहीतर मी तरी. तुझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून सांगतेय. तुला शिवण कळते ना? मग तेवढीच बघ."

असा आवाज धाकटीने तिचा कधी ऐकला नव्हता. पण आतून ती नुसती धुमसत होती. चोर तो चोर, वर शिरजोर!

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी बाजारात गेली. धाकटीने कपाटातून दादाच्या चारही पँटी काढल्या आणि उसवायला बसली. प्रत्येकीत एकीच्या आत एक अशा तीन-तीन टिपा होत्या. पहिली वाकडीतिकडी, दुसरी बरी, तिसरी अगदी सरळ. माझीच विद्या माझ्याच भावावर, असं म्हणत धाकटीने ब्लेड आणखी जोरात ओढलं.

शिंप्याच्या मूळ शिवणीची खूण कापडावर अजून दिसत होती. तिने सोळा नंबरची सुई लावली आणि त्याच खुणेवरून टीप मारली. मशीन अशी चालली की बघत राहावं. राखाडी पँट टोपलीतच होती, तीही तिने तशीच उसवून शिवली. इस्त्री करून सगळ्या जागच्या जागी ठेवल्या.

सकाळी वहिनी स्वयंपाकघरात होती. दादा कामावर जायला तयार होत होता. पोटाला काचतो म्हणून पट्टा तो कधीच लावत नसे. धाकटी मशीनपाशी बसून वाट बघत होती. आज त्याला मोकळं वाटेल, आज तो पोटभर जेवेल.

दादा बाहेर आला. पँट त्याने पुढून मुठीत धरली होती.

"ही कुणाची गं?"

"तुझीच, दादा! तुझं मूळ माप. वहिनी गुपचूप आत घेत होती आणि तुला जाड म्हणत होती. मी सगळ्या उसवून सैल केल्या."

वहिनी धावत दारात आली. "अहो, तिचं ऐकू नका, तिने चुकून..."

दादाने पँट कमरेपाशी पुढे ओढून धरली. दुसरी मूठ आत घातली, मग कोपरापर्यंत हात घातला, तरी जागा उरत होती.

मग धाकटीकडे न बघता त्याने वहिनीला विचारलं, "डॉक्टर खरं काय म्हणाले?"