रंगाखालचे चरे

महिन्यापूर्वी रंगवलेल्या लाल गाडीच्या दारावर आज उन्हात चरे दिसले. रंगाच्या खालचे, पॉलिश पेपरने घासल्याचे. हे दार मी स्वतः घासलं होतं, बारीक पेपरने, दोन दिवस खपून.

गेल्या वर्षी असेच चरे दिसले, तेव्हा मी बाबालालचाचांना गॅरेजातून काढलं. तीस वर्षं घासकाम केलेल्या माणसाला गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "तुमचा हात गेला आता." ते हातातला पेपर खाली ठेवून निघून गेले होते.

आज मी ती लाल गाडी तशीच चाचांच्या घरी नेली. त्यांनी डोळे मिटून दारावरून तळवा फिरवला.

"घासलंयस चांगलं. पण प्रायमर वाळायच्या आत रंग मारलास. प्रायमर मागनं वाळून आकसतो, अन् खालचे चरे वर येतात."

गेल्या वर्षी घासकाम तेवढं चाचांचं होतं. प्रायमर आणि रंग मीच मारला होता, घाईघाईत.

"चाचा, त्या दिवशीच का बोलला नाहीत?"

दारावर उमटलेला हाताचा ठसा त्यांनी फडक्याने पुसला.

"गिऱ्हाईक उभं होतं की समोर. अन् गॅरेजवर पाटी तुझ्या नावाची."