वर सरकवलेली लेन्स

ट्रेमधल्या कागदावर आधी इमारतीचं दार उमटलं. मग खिडक्या, मग सज्जे. वहिनींचा हात नकळत पुढे गेला, तेव्हा फोटोग्राफरने तो हळूच अडवला.

न्हाणीघराचीच त्याने डार्करूम केली होती. लाल दिव्याखाली दीर आणि भावजय जेमतेम उभे होते. सात वर्षांत वहिनी या घराची पायरी चढल्या नव्हत्या. आज सकाळी आल्या, पाणीसुद्धा नको म्हणाल्या आणि उभ्याउभ्याच विषयाला हात घातला. मुलीला शाळेत कोणीतरी सांगितलं होतं की तुझ्या बाबांनी जीव दिला. मुलीने घरी येऊन एवढंच विचारलं, आपल्याला सोडून जायचं होतं का त्यांना?

उत्तर दिराकडे आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. वहिनींचा नवरा, म्हणजे याचा दादा, गच्चीवरून बाजूच्या बोळात पडला तेव्हा हा पठ्ठ्या रस्त्यापलीकडे उभा राहून त्याच इमारतीचे फोटो काढत होता. कॅमेऱ्याला डोळा लावलेला, आणि म्हणतो काय, तर मला काही दिसलं नाही. शेंबडं पोरही यावर विश्वास ठेवणार नाही. दादाची नोकरी सुटलेली, महिनाभर तो घरात तोंड मिटून बसलेला. लोकांनी काय ते ओळखलं. वहिनींनीही ओळखलं. दीर आपली कीव करून खोटं बोलतोय, असं धरून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं.

तो बोलला होता ते अक्षरन् अक्षर खरं होतं. कॅमेरा रेंजफाइंडर. त्यात बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. त्याला त्याने मोठ्या हौसेने टिल्ट-शिफ्ट लेन्स बसवून घेतली होती. कॅमेरा सरळच ठेवायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची, म्हणजे उंच इमारत न कलंडता वरपर्यंत फोटोत येते. खिडकी मात्र जागची हलत नाही. ती आपली समोरचं दार आणि रस्ताच दाखवत राहते. वरचं किती येणार ते आधी हिशेबाने ठरवायचं आणि मग लेन्सवर भरवसा टाकायचा. त्या दिवशी तो खिडकीतून फक्त दाराकडे बघत होता, मध्ये कोणी येऊ नये म्हणून. हे त्याने वहिनींना तेव्हाच समजावलं होतं. नवरा गेलेल्या बाईला हा लेन्स समजावायला बसला. धन्य त्याची.

त्यानंतर तो कॅमेरा कपाटात गेला तो गेलाच. फिल्म आतच राहिली. दादा उडी मारताना निघाला तर, या भीतीने सात वर्षं त्याने तिला हात लावला नाही. आज वहिनी म्हणाल्या, धुवा. फिल्म वाळेपर्यंत दोघं दोन खोल्यांत बसले होते. निगेटिव्हवर टाकीजवळ एक ठिपका दिसला, तरी त्याने ती तशीच फोटो मोठा करायच्या मशीनमध्ये घातली.

आता कागदावर गच्ची आली, टाकी आली, आणि टाकीशेजारी दादा आला. आभाळ ढगाळ होतं. दादाने हात वर केला होता.

पुढच्या फोटोला त्याने मशीनचं डोकं वर चढवलं आणि फक्त गच्ची घेतली. दादा बोळाकडच्या कठड्यावर चढला होता. एका हाताने टाकीचा पाइप धरलेला, अंग बाहेर झुकवलेलं, दुसरा हात लांब पसरलेला. तो थेट लेन्समध्ये बघत होता आणि तोंडभर हसत होता.

तिसऱ्या फोटोत लख्ख ऊन पडलं होतं. इमारत देखणी आली होती. गच्ची रिकामी होती.

वहिनी पालथ्या बादलीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. खूप वेळ रडल्या. मग म्हणाल्या, हा मधला मोठा करून द्या, मुलीला दाखवते. बाबा फोटोला उभे होते आणि पाय घसरला, असं सांगते. इतकी वर्षं तुम्हाला खोटं पाडलं, मनात ठेवू नका, असंही म्हणाल्या. त्यांचा आवाज सात वर्षांपूर्वीसारखा झाला होता.

फोटोग्राफरला हायसं वाटायला हवं होतं. तो मधल्या फोटोकडेच बघत राहिला. त्या दिवशी दादा महिन्याभराने घराबाहेर पडला होता, याचं स्टँड उचलू लागायला. हा लेन्स सरकवत असताना दादाने विचारलं होतं, "गच्ची येते का रे यात?"

"येते की. टाकीसकट," वर न बघताच याने सांगितलं होतं.

आलोच, म्हणून दादा गेला. लेन्सला दिसतं ते खिडकीत दिसत नाही, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि दुसऱ्या फोटोनंतर हा गडी बटणावर बोट ठेवून निवांत उभा राहिला होता, ढग सरकून भिंतीवर ऊन येण्याची वाट बघत. तेवढा सगळा वेळ दादा वर तसाच झुकून उभा असणार.

वहिनींनी डोळे पुसले. ओल्या फोटोच्या कडेला बोट टेकवून त्या हलकेच म्हणाल्या, "एका गोष्टीने जिवाला बरं वाटलं, भाऊजी. एकटे नव्हते ते. तुम्ही बघताय, असंच वाटत होतं त्यांना शेवटपर्यंत."