चिठ्ठी नसलेला कीटक

संग्रहालयाच्या कीटक विभागात ती बावीस वर्षं एकच काम करत होती. टाचणीने टोचलेल्या प्रत्येक किड्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत चिठ्ठी लावायची: नाव काय, सापडला कुठे, कधी. "चिठ्ठी नसलेला कीटक म्हणजे नुसता कचरा," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. त्यांनीच तिला याच टेबलाशी बसवून डोकं, वक्ष, उदर इथपासून सगळं शिकवलं होतं.

आज बाबा पुन्हा हरवले, या महिन्यात तिसऱ्यांदा. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्याने त्यांना हाताला धरून घरी आणलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. ती रागावली नाही. उगाच तोंडाची वाफ दवडायची तरी किती! तिने जाड कागदाचा तुकडा कापला, त्यावर बाबांचं नाव, घरचा पत्ता आणि आपला फोन नंबर लिहिला आणि सेफ्टी पिनेने तो त्यांच्या शर्टावर, छातीच्या मधोमध लावायला घेतला.

बाबांनी तिचा हात अलगद बाजूला सारला.



"मधोमध नाही, बाई. पिन नेहमी वक्षावर जरा उजवीकडे टोचायची. नवीन लागलात वाटतं?"