वाटीभर पाणी
बाळाला गर्दीत खोकला लागेल म्हणून सलोमीनं चर्चला जाणंच सोडलं होतं; बाळाचा बाप्तिस्माही त्यामुळे राहिला होता. त्या रविवारी ती खालून दूध घेऊन वर आली आणि दारातच थिजली. बाळ सासूबाईंच्या मांडीवर रडत होतं, कपाळावरून पाणी ओघळत होतं, शेजारी वाटी लवंडली होती. “ठसका लागला गं! पाठ थोपटली, तरी श्वास येईना, ओठ निळे पडले. चर्चचे पाळकसाहेब इथं उणकलला घरी पोचेपर्यंत पोर बाप्तिस्म्याविनाच गेलं असतं तर? मीच बाप्तिस्मा दिला.” सलोमीनं बाळाला छातीशी ओढलं. “चर्चमध्ये पुन्हा करता येईल ना, आई?” “अय्यो, बाप्तिस्मा एकदाच असतो. आणि तूच म्हणतेस ना, देव घरातही ऐकतो?” सलोमीचा आवाज चढला. “ऐकतो हो, पण माझं बाळ मला सगळ्या मंडळीसमोर पाळकसाहेबांच्या हातात द्यायचं होतं!” ती बोलून गेली आणि स्वतःच्याच शब्दांनी चपापली.