आईवर गेलेली

"या वेळीही नाही राहिलं," थोरली म्हणाली आणि पर्स टेबलावर टाकून खुर्चीत बसली.

आईनं शिलाई मशीन थांबवलं. पडदे शिवायचं हे दुकान मायलेकी मिळून चालवत. आई उठली. आतून गरम पाण्याची पिशवी आणली आणि लेकीच्या कमरेखाली सरकवली.

"शेक घे. त्या इंजेक्शनांच्या गाठी लवकर जिरत नाहीत."

थोरलीनं शेक घेतला. इतकी वर्षं तपासण्या, सुया, आशा आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. नवरा बिचारा धीर द्यायचा, पण उसना धीर तरी किती पुरणार? आता तिला रडायचाही कंटाळा आला होता.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"माझ्या बीजात दम नाही म्हणे. दुसऱ्या कुण्या बाईचं बीज घ्या, तुमच्या पोटात वाढवू. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मी नाही म्हणून सांगणार आहे."

"का गं?"

"धाकटीचं मिळालं असतं तर गोष्ट वेगळी. निदान आपलं रक्त तरी आलं असतं. पण नेमके तिलाच दिवस गेलेत."

फोन वाजला. थोरलीनं उचलला. "काकू, माझे पडदे झाले का हो?" पलीकडून एका गिऱ्हाइकानं विचारलं.

"काकू नाही, त्यांची मुलगी बोलतेय. उद्या न्या." तिनं फोन ठेवला आणि आईकडे वळली. "बघ. आवाज तुझा. चिडल्यावर नाक फेंदारणं तुझं. दोरा दातानं तोडायची खोडसुद्धा तुझीच. जो तो म्हणतो, पोरगी आईवर गेलीय. माझ्या मुलाकडे बघून कोण काय म्हणेल?"

"मूल म्हणेल ना, आई."

"चेष्टा नको गं. परक्याचं मूल नऊ महिने पोटात ठेवायचं, भाडेकरू ठेवल्यासारखं. आणि झाल्यावर माझा जीवच नाही लागला त्याच्यावर, तर? त्या लेकराचा काय दोष? मला भीती वाटते, आई."

"लागतो जीव."

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तुला सांगायला काय जातंय? तुझ्या दोघीही पोटच्या."

आई हातातल्या पडद्याच्या चुण्या दुमडत राहिली. एक चुणी वाकडी गेली, ती तिनं उसवली, पुन्हा घातली. मग उठून दुकानाचं दार ओढून घेतलं आणि लेकीच्या शेजारी स्टूल घेऊन बसली.

"दोघी पोटच्याच गं," ती म्हणाली. "पण बीज माझं होतं ते फक्त धाकटीच्या वेळी."